द्वारकाबाईंनी शांततेचा खेळ फत्ते केला, ती हकीकत

श्रीहरीचे चरणी मस्तक ठेवून, टाळ-मृदंगांस वंदन करून, लेकरांच्या राज्यीचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे; श्रोत्यांनी मांडी घालून ऐकावे. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, देवळामागील कौलारू जागेत बालमंदिराचे राज्य सुखे नांदत होते. तेथील खुर्च्या गुडघ्याएवढ्या, खुंट्या कमरेएवढ्या, आणि रयत दुधाच्या दातांची. राज्याच्या धनीण सुमतीताई, यांनी आवाज कधी चढविला नाही आणि कारभार कधी अडला नाही. ज्याने त्याने आपले आसन अंथरावे, तितकी भूमी त्याची जहागीर, दुसऱ्याने तीवर पाय न देता वळसा घालून जावे, ऐसा शिरस्ता. आणि गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचणारे मोरेश्वरपंत, वय वर्षे पाच, हे त्या गडाचे किल्लेदार.

त्या राज्यी द्वारकाबाई, वय वर्षे चार, वासुदेवबुवा कीर्तनकारांच्या कन्या, नव्याने दाखल जाहल्या. पायी चांदीचे पैंजण, गळा खडा. बुवांचे घरी रीत ऐसी की, बुवांनी देवाचे नाव घ्यावे आणि साऱ्यांनी छत हालेल ऐसा गजर करावा. नाव कानी पडले आणि मनुष्य गप्प राहिले हे द्वारकाबाईंनी जन्मात पाहिले नव्हते. आणि बालमंदिरी रोज शेवटी शांततेचा खेळ होत असे. सर्वांनी डोळे मिटून निश्चळ बसावे, मग ताईंनी पलीकडील दालनात जाऊन एकेकाचे नाव कुजबुजत घ्यावे, आणि ज्याचे नाव येईल त्याने पाऊल न वाजविता जाऊन ताईंच्या कुशीत बसावे. ती कुशी म्हणजे त्या राज्यीचे सिंहासन. द्वारकाबाईंचा सारा जीव तेथे लागला. मग पहिल्या दिवशी ताईंनी "द्वारका" ऐसे हळूच म्हटले, आणि बाईंनी घरच्या रीतीप्रमाणे "आले हो ताई" ऐसा वरच्या पट्टीत गजर केला आणि पैंजण वाजवीत धावल्या. मोरेश्वरपंत दचकले, कोपर लागून शेजारचा मनोरा कोसळला, खेळ मोडला. दुसरे दिवशी तेच, तिसरे दिवशीही तेच. खेळ मोडला म्हणजे कुशी कोणासच नाही.

तेव्हा मोरेश्वरपंतांनी ताईंपाशी फिर्याद गुदरली, "ताई, खेळताना हिला अंगणात बसवा. ही ओरडते नि आमची पाळी येतच नाही."

द्वारकाबाई म्हणाल्या, "ताईंनी हाक मारली तर ओ द्यायची नाही होय रे? तुझ्या घरी कुणी हाकच मारत नसेल."

"मारतात. पण मी असा भोंगा नाही वाजवत."

ताईंनी दोघांस जवळ घेऊन सांगितले, "उद्या पुन्हा खेळू. उद्याही जमलं नाही, तर द्वारका, थोडे दिवस तू बाहेर बसून नुसतं ऐक, हं?" हे ऐकून बाईंचे डोळे भरले, अंगणातून कुशी दिसत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

सायंकाळी देवळात बुवा कीर्तनास उभे राहण्याआधी वीणा जुळवीत होते, तेथे कन्या तोंड पाडून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अण्णा, उद्या मला अंगणात घालवणार." मग सारी कथा सांगितली. बुवांनी ऐकून घेतले आणि पुसले, "दारके, मी तार लावतो तेव्हा तू बोललीस तर मी काय करतो गं?"

"डोळे वटारता."

"का वटारतो?"

"तार ऐकू यायला हवी ना तुम्हाला."

"मग ताईंचा आवाज म्हणजे ती तार समज. गजर मागाहून. आधी नुसतं ऐकायचं. देव काही कानात बोळे घालून बसलेला नाही." ऐसे बोलून बुवा हसले आणि कन्येने त्या दिवशी तार लागेतो श्वासही जपून घेतला.

दुसरे दिवशी खेळ मांडला. एकेक नाव येई आणि एकेक आसन रिकामे होई. मोरेश्वरपंतही गेले, जाताना मागे वळून ओठांवर बोट ठेवून गेले. अलीकडील दालनात द्वारकाबाई एकट्या उरल्या. कौलावर पारवा घुमत होता, माठाचे पाणी ठिबकत होते, आणि तिकडून काहीच येईना. ताई विसरल्या की काय, ऐसे वाटले, तरी ओठ मिटलेलेच. मग तार छेडावी तैसे अगदी हलके आले, "द्वारका." बाईंनी खाली वाकून दोन्ही पैंजण काढिले, मुठीत गच्च धरिले, गडाला वळसा घातला आणि पाऊल न वाजविता चालत जाऊन कुशीत शिरल्या. मग ताईंचे कानाशी तोंड नेऊन, तीन दिवस जे ओरडून सांगत होत्या ते श्वासाइतके हळू सांगितले, "आले हो ताई." ताईंनी त्यांस घट्ट धरिले. मोरेश्वरपंतांनी सरकून जागा दिली.

सारांश, त्या दिवशी मनोरा शाबूत राहिला, अंगण ओस राहिले, आणि पैंजण घरी जाताना वाटभर वाजले. ज्यांनी ऐकिले त्यांनी हरिनामाचा गजर करावा. परंतु आजचा दिवस मनातल्या मनात.