नक्की उचलला जाणारा नंबर

१०० : प्रयत्न चालू आहे

माणूस सापडो न सापडो, त्याला शोधण्याची पद्धत बिनचूक असली पाहिजे. इंटरनेटवरून चालणाऱ्या बिनतारी फोनचं सगळं शास्त्र या तत्त्वावर उभं आहे. हा फोन प्रत्येक टप्प्याला आकड्यात उत्तर देतो. शंभर म्हणजे प्रयत्न चालू, दोनशे म्हणजे ठीक. (हॅलो म्हणायच्या आत यंत्रांचं एवढं बोलून होतं. माणसांना पुढे फारसं उरत नाही.)

साल दोन हजार सहा. कुकटपल्लीच्या एका कंपनीत हे आकडे सांभाळायला पुष्कर होता.

३०२ : तात्पुरते स्थलांतरित

पुष्कर जागेवरून उठून कँटीनमध्ये गेला की फोनची रेंज जायची. मोबाइल नियमानुसार गेटवर जमा. मग येणारा फोन वळवायचा कुठे? कंपनीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी चौकट होती : 'नक्की उचलला जाईल असा नंबर'. पुष्करने विचारही न करता नारायणगुड्याच्या घरचा, आईचा नंबर लिहिला. आईने, म्हणजे पद्मावतीबाईंनी, बावीस वर्षांत तिसरी घंटी वाजू दिली नव्हती.

निकाल उत्कृष्ट. महिन्यात एकशे चाळीस फोन वळले, एकशे चाळीस उचलले गेले. एका अमेरिकन ग्राहकाला त्या म्हणाल्या, "पुष्कर नहीं है जी, आफिस में है. तुम खाना खाए?" त्याने सेवेला पाचपैकी पाच गुण दिले. (त्याला काय कळलं, हे तपासायची तरतूद नव्हती.)

४८६ : इथे गुंतलेले आहेत

मंगळवारी कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा निरोप आला : मोतीबिंदू आजच काढू, अकराला या, मुलाची सही लागेल.

"पुष्कर आल्याबगर मी डोळ्याला हात लावू देत नाही," पुष्करचे वडील अंबाजीराव म्हणाले. त्यांना भीती वाटत नव्हती. (खुर्चीचा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.)

पद्मावतीबाईंनी फोन लावला. पुष्कर कँटीनमध्ये होता. कँटीनमधली रेंज वाढवण्याबाबत तिथे दोन तासांची बैठक चालू होती. फोन नियमाप्रमाणे वळला आणि पद्मावतीबाईंच्या घरी आला. तिथली लाइन गुंतलेली होती, कारण तिच्यावर पद्मावतीबाई होत्या.

"बिझी हाय," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"तिसऱ्यांदा? वैनी, कोणाशी बोलून ऱ्हायला हो तो?" शेजारचे हिम्मतराव म्हणाले.

"असंल कुणाचं काम अडलेलं."

अंबाजीरावांनी चष्मा पुसला. "ठेव फोन. त्याला तकलीफ नक्को." आणि रिक्षा बोलवा म्हणाले. तिघं निघाले, घराला कुलूप लागलं.

सही हिम्मतरावांनी केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' आधीच लिहिलेलं होतं, आणि खोडाखोड चालणार नाही असं काउंटरवर सांगितलं. हिम्मतराव अंबाजीरावांहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

२०० : ठीक

चार वाजता पुष्करने दिवसाचा अहवाल पाहिला. घरून तीन फोन. तिन्ही नियमाप्रमाणे वळले, नियमाप्रमाणे संपले. बिघाड : शून्य.

त्याने घरी फोन लावला. तिसरी घंटी झाली. सातवी झाली. बाराव्या घंटीला त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्याला कर्तव्य आठवलं. फॉर्म उघडून त्याने भरवशाचा न राहिलेला नंबर खोडला, आणि रिकाम्या चौकटीकडे पाहत बसला. दुसरा नंबर त्याला सुचेना.

चौकट रिकामी सोडता येत नाही. वाचकांना एव्हाना आपापला असा नक्की उचलला जाणारा नंबर आठवला असेलच. त्यावर तुम्ही शेवटचा फोन कधी केला होता, हे फॉर्म विचारत नाही.