सुपुर्दनाम्यावरचा कोंबडा

फौजदारी कायदा मला तोंडपाठ आहे! म्हणजे, मासवणात तसं सगळे मानत होते, कारण तसं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. झालं असं की पासष्ट साली हातभट्टीच्या एका धाडीत पोलिसांनी मला पंच केलं आणि पंचनाम्यावर माझी सही घेतली. कोर्टाचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं, पण तेव्हापासून माझ्या किराणा दुकानात मिठामिरचीबरोबर कायदाही मिळू लागला!

"फौजदारी खटला म्हणजे भातशेती," मी गिऱ्हाइकांना सांगायचो. "आधी फिर्याद, मग तपास, मग साक्षी, मग निकाल. राब भाजल्याशिवाय लावणी करतं का कोणी?" गिऱ्हाईक मान हलवायचं आणि गूळ घेऊन जायचं.

अशात गावातल्या धर्माजीचा तांबडा कोंबडा हरवला आणि तसाच एक पाड्यावरच्या जिवल्याच्या अंगणात दिसला. धर्माजीनं तडक पोलीस चौकीत चोरीची फिर्याद दिली. कोंबडा जप्त झाला, पालघर कोर्टाची तारीख पडली आणि जिवल्या रडवेला होऊन माझ्याकडे आला.

"शेट, कोंबडा माजाच हाय. आमी पिलाचं मागचं बोट छाटतो, ती आमच्या घरची खूण. तारापूरला बांधकामावर आताच काम लागलंय. चोर ठरलो तर कोन ठेवील मला?"

"जमादाराला बोटाचं सांगितलंस?"

"नाय. आता जातो सांगायला."

"खबरदार!" मी ओरडलो. "पुरावा ऐनवेळी काढायचा असतो! भर कोर्टात कोंबड्याचा पाय वर करायचा. मॅजिस्ट्रेट थक्क, धर्माजी गार!"

तेव्हाच त्याला जाऊ दिलं असतं तर सगळं चौकीतच मिटलं असतं. पण मग माझी अक्कल जगाला दिसणार कशी?

तिकडे चौकीत मुद्देमाल रोज पहाटे आरवून जमादारांची झोप मोडत होता. "सुपुर्दनाम्यावर कोणी सांभाळील का हो याला? कोर्ट मागेल तेव्हा आणून द्यायचा," त्यांनी विचारलं. मी छाती काढून सही ठोकली आणि कोंबडा बगलेत मारून घरी आलो.

"अहो, हा कशाला आणलात?" आमच्या मंदानं विचारलं.

"कायद्यातलं तुला काय कळणार! खाऊ घाल त्याला चांगलं. परवा कोर्टात उभा राहतोय मी!"

तारखेच्या आदल्या संध्याकाळी दुकानाचा माल घेऊन पालघरहून परतलो, तर घरभर रश्श्याचा घमघमाट! पहिली वाटी ओरपली, दुसरी मागितली. तिसरीला विचारलं, "आज काय विशेष?"

"असं काय करता? उद्या कोर्टाची पायरी चढणार ना? मग गावदेवीला राखण नको? एवढ्या मोठ्या कामाला देवीला कोंबडा दिल्याशिवाय आपल्यात निघतं का कोणी? तुम्ही आणलात तेव्हाच मी ओळखलं. बोलत नाहीत, पण देवीची आठवण आहे हो माणसाला!"

मी वाटी खाली आदळली.

"पंजे! पंजे कुठेत त्याचे?"

"मोत्याला टाकले. का हो?"

मी उष्ट्या हातानं अंगणात धावलो. मोत्या डोळे मिटून चघळत होता. "मोत्या, राजा, सोन्या, दे रे बाबा!" मी विनवलं. मोत्या गुरगुरला. मी हात घातला, तर त्यानं धोतर फाडलं. गरीब बिचाऱ्या जिवल्याची नोकरी त्या कुत्र्यानं माझ्या डोळ्यांदेखत कडाकडा फोडून खाल्ली. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पुकारा झाला, "मुद्देमाल हजर करा!"

मी उभा राहिलो. "साहेब, तो गावदेवीकडे गेला."

"म्हणजे?"

"आणि तिथून... रश्श्यात आला. मी तीन वाट्या..."

"माजा कोंबडा खाल्लास?" धर्माजी ताडकन उठला.

"तुजा कुटला? माजा खाल्ला!" जिवल्या आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडला.

"कुनाचा का असंना, खाल्ला तर यानंच ना?"

"ते मातर खरं हाय!"

आणि इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे माझ्याविरुद्ध एक झाले! धर्माजीनं चोरीची फिर्याद तडजोडीनं मिटवायची परवानगी मागितली, साहेबांनी दिली आणि जिवल्या सुटला. मला इतकं हायसं वाटलं की मी भर कोर्टात टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता?" साहेब कडाडले. "विश्वासानं सोपवलेली वस्तू तुम्ही खाल्लीत! आता खटला तुमच्यावर. घरी जायचं असेल तर जामीनदार आणा!"

मी केविलवाण्या नजरेनं धर्माजीकडे पाहिलं. तो पाठ फिरवून चालू लागला. इतक्यात जिवल्या पुढं आला.

"मी ऱ्हातो जामीन. माजी जमीन हाय मासवणला."

"नीट विचार कर," साहेब म्हणाले. "कोर्ट मागेल तेव्हा याला हजर करावं लागेल."

जिवल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"करीन साहेब. मी काय खानार नाय याला!"