हिराजीदादांचा बल्ब

सासऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या बंपरला मी खिडकीच्या ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट लावला.

सासरे, म्हणजे नाना, डोंबिवलीचे निवृत्त हेडमास्तर. नाशिकला लग्नाला जाताना त्यांनी गाडी आमच्या बाळकुमच्या सोसायटीत ठेवली आणि "फक्त उभी ठेवायची" असं दोनदा बजावलं. मी उभीच ठेवली. मध्ये फक्त एकदा गेटच्या खांबापर्यंत नेली. बंपर पांढरा, ओरखडा काळा, घरातला डबा पांढरा. पुढचं मला फार सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी ओला फडका फिरवला, तर उन्हात सोललेल्या पाठीसारखी सालपटं निघाली. नाना रविवारी येणार होते, आणि उजाडला होता बुधवार. लग्नाला सहा वर्षं होऊनही नानांसमोर माझे हात आपोआप पाठीमागे जायचे.

असा मी माजिवड्याला हिराजीदादांच्या शेडवर पोचलो. हे खाडीवरचे कोळी. आधी होड्या रंगवायचे, मग प्लॅस्टिकच्या बंपरांत उस्ताद झाले. डोक्याला तेल लावलेल्या माणसाला ते आत घेत नसत. त्यांनी दारातच माझ्या केसांचा वास घेतला आणि हातात साबण दिला. तेलाचा एक थेंब उडाला तरी रंग धरत नाही, हे मला नळाखाली वाकून ऐकावं लागलं.

मग त्यांनी माझी कलाकृती पाहिली. नखाने एक सालपट उचलून खिशात ठेवलं. लोकांना दाखवायला, म्हणाले.

"प्लॅस्टिक लवतं, शेठ. रंग लवला नाय तं तुटनारच."

बंपर उतरवून त्यांनी साबणाने धुतला, पाणी घालून बारीक पॉलिश पेपरने घासला, पाण्यासारखा पातळ प्रायमर मारला. पुढचे कोट "पातल पातल", आणि प्रत्येक कोटाला मालकाने हजर राहायचं. माझं काम बल्ब धरायचं. उजेड तिरका पाडायचा, कुठे रंग न लागता कोरडं राहिलं नाही ना बघायचं, आणि "हां" म्हणायचं. "हां" आल्याशिवाय दादा पुढे सरकत नसत.

ऑफिसला पोटदुखी कळवून मी बल्ब धरत होतो. घरचा फोन वाजला की नाना लवकर आले असं वाटून खरोखरच पोटात दुखायचं. शुक्रवारी हात इतका भरून आला की उजेड बंपरवरून भिंतीवर घसरू लागला. मी वैतागून म्हटलं, तिथे खिळा आहे, बल्ब त्याला का टांगत नाही?

दादांनी रंगाची गन खाली ठेवली.

"खिला 'हां' बोलत नाय."

बंपरकडे बघतच ते म्हणाले की आधी बल्ब बायको धरायची. चोवीस वर्षं. दोन वर्षांमागे गेली. मी बल्ब दोन्ही हातांनी धरला.

रविवारी नानांनी गाडीला पूर्ण फेरी मारली. बंपरपाशी थांबले. अंगठ्याचं नख लावून खरवडलं. माझे हात पाठीमागे गेले. रंग हलला नाही. नाना गाडीत बसले आणि मी पायरीवर.

पुढच्या आठवड्यात मी काही काम नसताना माजिवड्याला गेलो, डोकं घरूनच धुऊन. दादांनी बल्ब पुढे केला. कुणाचा तरी लाल बंपर होता. पहिला कोट झाला, मी "हां" म्हटलं. दादा थांबलेले बघून दुसऱ्यालाही लगेच "हां" म्हटलं. दादांनी वाकून पाहिलं. खालच्या कडेला चांगला वीतभर भाग कोरडा होता.



"ती बघून 'हां' बोलायची," ते म्हणाले. "तू घाबरून बोलतंस."