चार फूट पाण्याची मोटार

रनाळ्यात कुणाची विहिरीवरची मोटार बिघडली, की मेकॅनिकच्या आधी गिरधर नानांना बोलावतात. नाना मोटारीवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "बेरिंग गयं." त्या निकालावर आजवर कुणी अपील केलेलं नाही.

म्हणून सुनेनं, रोशनीनं, चहा देता देता जे विचारलं, त्यानं नानांना अगदी भरून आलं. लग्नाला वर्ष होत आलं, पण या सुरतेच्या पोरीनं सासरी काही मागितलं नव्हतं, की कधी मोकळं हसली नव्हती. नवरा हेमकांत नोकरीनिमित्त नवापूरला. कॉलेजात शिकवून आली, की ती माहेराहून आणलेल्या काचेच्या टाकीसमोर बसायची. टाकीत समुद्राचं खारं पाणी, रंगीत प्रवाळ आणि दोन केशरी मासे. (मासे चुलीकडे न जाता बैठकीत राहतात, हे नानांच्या पचनी पडायला चार महिने लागले.)

"नाना, खालच्या गाळणीच्या टाकीतलं पाणी वर माशांच्या टाकीत फेकणारा पंप बंद पडला. तुम्हाला यातलं कळतं. नवा बघाल का?"

"पानी कितला फूट चढावनं शे?"

"चार फूट. अगदी लहान पंप पुरे."

चार फूट! ज्या माणसानं आख्ख्या शिवाराला बोअरचं पाणी वर आणून दिलं, त्याला चार फूट! पण नाना हसले नाहीत. पोर लाजते, हे त्यांनी ओळखलं. नवी सून पानात अर्धीच भाकरी घेते, तसं हे. आणि अर्धी मागणाऱ्या सुनेला कोणत्या घरी अर्धीच वाढतात? शिवाय लाइटीचा काय भरवसा? आहे तेवढ्यात पाणी उपसून घ्यायचं, तर मोटार एक नंबर मोठीच हवी.

नंदुरबारहून नानांनी अर्ध्या हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार आणली. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मग विचारलं, "हाई मोटार मासासले आनी, का वावरले?"

"तुले काय समजस? बटन दाब!"

रोशनी कॉलेजातून यायच्या आत टाकी सुरू करून तिला चकित करायचं, असा बेत होता.

कमलबाईंनी बटण दाबलं. खालच्या टाकीतलं सगळं पाणी एका दमात वर गेलं. वरून खाली यायची नळी बोटाएवढी, तिची काय टाप! काच काठोकाठ भरली आणि समुद्र बैठकीत आला. सोफा भिजला, गादी भिजली आणि एक केशरी मासा फरशीवर तडफडू लागला.

"बंद कर वं! बंद कर!"

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यांवर बसले, टोपीत मासा धरला आणि टाकीत सोडला. लग्नातसुद्धा कुणासमोर न काढलेली ती टोपी. मासा आधी आडवा तरंगला. आता ही पोर परत सुरतेला जाईल, याच धास्तीनं ते टाकीला टेकून उभे राहिले. मग मासा शेपटी हलवून सरळ झाला.

तेवढ्यात रोशनी दारात आली.

"मन्ही चूक व्हयनी, बेटा," नाना म्हणाले. "तू लहान सांगं होतं, मीच आयकं नही."

रोशनीनं आधी मासे पाहिले, मग नानांची टपटपणारी टोपी पाहिली आणि ती पोछा आणायला गेली.

दोन दिवसांनी सुरतेहून नवा पंप आला. मोसंबीएवढा! रोशनीनं तो खालच्या टाकीत बसवला. लोटन मिस्तरी विहिरीसाठी कोणती मोटार घ्यावी ते विचारायला नेमका तेव्हाच आला होता. गावचा माणूस समोर, म्हणजे गेलेली अब्रू सावरायची हीच वेळ. नानांनी बाही वर केली, पाण्यात हात घालून पंपावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"वा! आवाज नही, थरथर नही. लोटन, याले म्हनतस मोटार. लोन्याना मायक चाली ऱ्हायनी!"

"नाना," रोशनी हळूच म्हणाली, "अजून प्लग लावायचाय."

आणि ती हसली. पदर तोंडावर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. त्या घरात पहिल्यांदाच. नानांना एवढं बरं वाटलं, की हात पाण्यातून काढायचंही सुचेना.

लोटननं मात्र नानांकडची खुर्ची उचलली आणि रोशनीसमोर नेऊन ठेवली.

"पोरी, मन्ही विहीरले कोनती मोटार लागी, ते तूच सांग."