एक फिटर वाया गेला

सिंगापुरात, आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये कुणाला बढती मिळाली की बापटकाका सांत्वनाला जातात. माझ्याकडे आले तेव्हा चपला दारात काढून, मान खाली घालून बसले. बायकोने पेढे पुढे केले, तर हातानेच नको म्हणाले.

"ऐकलं मी. मॅनेजर केलं म्हणे तुला. फार वाईट झालं."

मी भडकलो. इतकी वर्षं घासून मिळवलेली बढती, आणि हा माणूस सुतकाला आल्यासारखा बसलेला!

"आमचा कोल्या असाच वाया गेला," काकांनी उसासा टाकला.

काका जहाजांवरचे निवृत्त इंजिनियर. तरुणपणी कंपनीने त्यांना रशियातल्या एका कारखान्यात नव्या इंजिनांवर देखरेखीला पाठवलं होतं. कोल्या तिथला फिटर. दुपारी दोघं एकाच बाकावर जेवायचे, कोल्याचा काळा पाव आणि काकांचं आंब्याचं लोणचं. पुढे कोल्या फोरमन झाला, मग कारखान्याचा डायरेक्टर, आणि आता तिथल्या सरकारात उपमंत्री आहे. दुसऱ्या कुणी असल्या मित्राचा फोटो हॉलमध्ये टांगला असता. काका मात्र तो टीव्हीवर दिसला की कडाडतात, "बघ ते हात! स्पॅनर धरायचे हात, फिती कापतायत! सोन्यासारखा फिटर नासवला मेल्यांनी!"

खरी जखम वेगळीच होती. दर नव्या वर्षाला काकांचं कार्ड रशियाला जातं. "पूर्वी स्वतः उत्तर लिहायचा, शिव्यांसकट. आता त्याचं ऑफिस माझे आभार मानतं!"

पोटच्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. मंदार इथेच, सिंगापुरातल्याच बुओना व्हिस्टाला राहतो. गेल्या वर्षी तो कंपनीत डायरेक्टर झाला, तेव्हाही काका हळहळले. तो वैतागून इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "बाबा, काँग्रॅट्स तरी म्हणा, लाह!"

गेल्या महिन्यात कोल्या कुठल्याशा परिषदेसाठी सिंगापूरला आला. मी म्हटलं, "काका, हॉटेलवर जाऊन भेटा की."

"मी का जाऊ? माझा पत्ता आहे त्याच्याकडे!"

परिषदेच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावलो. दार सताड उघडं. टेबलावर दोन ताटं, काळा पाव, लोणच्याची नवी बरणी. टीव्हीवर पाहुणे विमानतळाकडे निघाल्याची बातमी चालू होती.

"रशियाहून सिंगापूरला येता येतं, आणि बिशानला येता येत नाही?" काका गरजले. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत बसले.

"जाऊ दे. त्याच्या मागेपुढे पोलीस. नसेल सोडलं त्याला. पण बुओना व्हिस्टाहून एमआरटी थेट येते रे. मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही."

मंदार दिवाळीपासून फिरकला नव्हता. मला त्याचा असा संताप आला की तिथूनच फोन लावून त्याला झापावंसं वाटलं. पण काका माझ्याकडे बघत होते. मी हात धुतले आणि दुसऱ्या ताटावर बसलो.

काकांनी मला लोणचं वाढलं, जरा जास्तच.

"मॅनेजर झालास," ते म्हणाले, "तरी आलास हं."