चार वेळा मेलेला जावई

गळीत हंगाम सुरू झाल्यापासून ज्ञानेश्वरला मिळालेली ही पहिलीच सुट्टी. कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून बसून तो इतका पेंगुळला होता, की घरी कुणी पाणी आणून दिलं तरी आधी गाडीचा नंबर विचारायचा. आज खुनाचा एक विनोदी सिनेमा शेवटपर्यंत बघायचा, एवढीच त्याची इच्छा होती. पण गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी सासरे राहुरीला येऊन राहिले होते, आणि सासरे म्हणजे आसारामभाऊ, रिटायर हवालदार.

पहिला खून झाला. खुनी प्रेताच्या पायातले बूट आपल्याला होतात का ते बघू लागला. ज्ञानेश्वर हसला, तोच सासऱ्यांनी रिमोट दाबला.

"पंचनामा कुठंय?"

"मामा, विनोदी सिनेमा आहे."

"विनोदी आसला म्हनून पंचनाम्याच्या आधी मढ्याला हात लावायचा? जावईबापू, जरा आडवं व्हा. दावतो."

माणूस दमलेला असला की नाही म्हणायलाही त्राण लागतं. ज्ञानेश्वर फरशीवर आडवा झाला. बायकोने, स्नेहलने, वडिलांच्या हुकुमावरून त्याच्याभोवती रांगोळीची रेघ ओढली. घरचा पंच चालत नाही म्हणून शेजारच्या आबासाहेबांना बोलावलं. ते आले म्हणून चहा आला. पुढच्या प्रत्येक खुनाला हेच. तीन तासांत सिनेमा चाळीस मिनिटं सरकला आणि ज्ञानेश्वर चार वेळा मेला.

मग ओढ्याकाठी एक प्रेत सापडलं. सिनेमातल्या दोन हवालदारांनी इकडंतिकडं बघितलं, आणि तपासाची कटकट नको म्हणून ते गुपचूप उचलून ओढ्यापलीकडे, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत नेऊन ठेवलं.

या वेळी रिमोट दाबला गेला नाही. सासरे पोट धरून हसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानेश्वरला हंगामात पहिल्यांदाच बरं वाटलं. आता शेवट दिसणार होता.

"ह्यो खरा सिनेमा," आसारामभाऊ डोळे पुसत म्हणाले. "पन उचलून कशाला न्ह्यायचं? आमी तर मोटरसायकलवर दोघांच्या मदी बसवून..."

ते थांबले. स्नेहल त्यांच्याकडे बघत होती. आबासाहेब रिकाम्या कपात बघत होते. टीव्ही बंद झाला.

"मामा, शेवट राहिला," ज्ञानेश्वर फरशीवरूनच म्हणाला.

"शेवट काय न्हाई," रिमोट खिशात घालत सासरे म्हणाले. "दोगंबी रिटायर व्हत्यात. पेन्शन चालू हाय."