पिवळा टॅग आणि बेचव चहा

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत हजेरीपुस्तक सांभाळलं. वेळेच्या वर एक मिनिट झालं, की नावापुढे लाल शाईची रेघ. (एकदा साहेबांच्याही नावापुढे मारली होती. पुढची तीन वर्षं माझं टेबल जिन्याखाली होतं, ते सोडा.) अशा माणसावर चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःची हजेरी देण्याची वेळ यावी, हे मला काही पटेना.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि कसबा पेठेतलं जिन्यांचं घर सोडून कुसुम आणि मी कात्रजच्या पुढे, ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात राहायला आलो. इथली पद्धत अशी. संध्याकाळी आपल्या दाराच्या मुठीला बाहेरून एक पिवळा टॅग अडकवून जातात. सकाळी सातच्या आत आपण तो काढायचा. टॅग निघाला म्हणजे माणूस ठीक. लटकत राहिला तर आधी फोन, मग बेल, मग किल्ली घेऊन माणसंच हजर.

"किती छान सोय आहे," कुसुम म्हणाली.

"जिवंत आहोत हे रोज सात वाजता कळवायचं? मला स्वतःलाच साडेसातपर्यंत खात्री नसते."

कुसुम असताना प्रश्न नव्हता, टॅग तीच काढायची. पण गेल्या आठवड्यात ती चार दिवस हडपसरला अस्मिताकडे, म्हणजे आमच्या लेकीकडे गेली. माझ्या आजारपणानंतर मला सोडून प्रथमच बाहेर पडत होती. निघताना दारातून तीनदा परत आली.

"अहो, टॅग काढाल ना? तुमच्या भरवशावर नाही, त्या टॅगच्या भरवशावर चालले आहे मी."

मी हो म्हणालो, आणि तिची रिक्षा वळताच शेजारच्या बद्रीनाथांची बेल वाजवली. हे गृहस्थ पहाटे पाचला उठून फिरायला जातात.

"जाता जाता माझाही टॅग काढाल का?"

"म्हणजे प्रॉक्सी?"

"सहकार्य म्हणा." (याच सहकार्याबद्दल मी सतरा जणांना मेमो दिले होते.)

दोन दिवस उत्तम गेले. मी आरामात उठायचो आणि आठच्या ठोक्याला डायनिंग हॉलमध्ये चहाला जायचो. तिथे अक्षता असते. ती इथल्याच गावातली, आमच्या मजल्याची देखभाल तिच्याकडे. चहाचा पहिला घोट घेऊन मी तिला एक वाक्य ऐकवतो, हा माझा नेम. सोमवारी म्हणालो, "अक्षता, पाणी चांगलं तापलंय. आंघोळीला पाठवून दे." मंगळवारी विचारलं, "यात चहा घालायचा राहिला, की तो वेगळा मिळतो?" ती हसते आणि पुढच्या टेबलाकडे जाते.

तिसऱ्या दिवशी पावणेआठला आंघोळ करून, पंचा नेसून, मी वाळत घातलेला बनियन आणायला बाल्कनीत गेलो. वारा सुटला होता. मागे धाडकन दार आपटलं आणि लॅच लागलं. मोबाइल आत, चष्मा आत, सकाळची गोळी आत. बाहेर मी आणि बनियन.

खाली हिरवळीवर आमचा हास्यक्लब जमला होता.

"अहो!" मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलो. "दार उघडा कुणीतरी!" पंचा सैल असल्यामुळे डावा हात कमरेवर ठेवून उजवा जोरजोरात हलवला.

खालच्या पंचवीस जणांनी वर पाहिलं. पंचवीस जणांनी डावा हात कमरेवर ठेवला, उजवा हलवला आणि हा हा हा करून हसले. बद्रीनाथ तर ओरडले, "वा श्यामसुंदरराव! नवा प्रकार छान आहे, उद्यापासून रोज घेऊ!"

मग मंडळी नाश्त्याला गेली. ऊन थेट अंगावर आलं. आत फोन वाजू लागला. कुसुमचाच, ती आठला करतेच. थांबला, परत वाजला. छाती धडधडू लागली आणि मी मनापासून घाबरलो. इथेच कोसळलो असतो तरी इथल्या ऑफिसच्या वहीत माझ्या नावापुढे 'ठीक' हीच खूण राहणार होती, आणि ती खोटी खूण मी स्वतः मिळवली होती. आणि कुसुम? ती पुन्हा आयुष्यात घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती.

साडेआठला आत किल्ली फिरल्याचा आवाज आला. अक्षता, नर्स आणि व्हीलचेअर अशी तिघं धावत आली. लॅच उघडलं, माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात पाण्याचा ग्लास आला. नर्सनं नाडी पाहिली, अक्षतानं गोळी शोधून दिली.

"तुला कसं कळलं गं?" मी विचारलं. "टॅग तर काढलेला होता."

"टॅग बद्रीनाथकाका काढत्यात, ते पयल्याच दिवशी कॅमेऱ्यात दिसलं आमाला," ती म्हणाली. "म्हनून तर मी रोज चहापाशी तुमची वाट बघते. आज सव्वाआठ झालं तरी चहाला नावं ठेवायला तुमी आला न्हाई. म्हटलं, काकांचं कायतरी बिनसलं हाय."

मी ज्यांची हजेरी घेतली, त्यांच्यापैकी कुणी आलं नाही म्हणून मी कधी जिना चढून बघायला गेलो नव्हतो. नुसती रेघ मारली होती. अक्षताचा हात धरून म्हणालो, "फार उपकार झाले बाळ." डोळे भरून आले, ते मी बनियननं पुसले.

फोन परत वाजला. कुसुमला मी सगळं खरं सांगितलं, प्रॉक्सीसकट.

"येऊ का मी?"

"नको, तू राहा. इथे माझ्यावर नीट लक्ष आहे."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला टॅग मी माझ्या हातानं काढला. आठला डायनिंग हॉलमध्ये जाऊन बसलो. रात्रीच ठरवलं होतं, यापुढे त्या मुलीला टोमणा म्हणून मारायचा नाही. घोट घेतला, आणि खरं सांगतो, आलं घातलेला तो चहा झकास होता.

"अक्षता, चहा अगदी उत्तम झालाय हं!"

तिनं किटली खाली ठेवली. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. दोन मिनिटांत माझ्या दंडाला बीपीचा पट्टा होता, मागे व्हीलचेअर होती आणि अक्षता फोनवर सांगत होती,

"काकू, तुमी लगोलग निघा. काका चहाला चांगलं म्हनत्यात!"